भुसा आणि प्लॅस्टिक : एका मिश्र फळीची कुळकथा

लाकडाच्या वखारीत करवत चालू झाली की ओंडक्याची फळी होते आणि फळीबरोबर भुसाही होतो. त्या भुशाला गिऱ्हाईक नसते असे नाही. कुणी तो शेगडीत जाळतो, कुणी अळंबीच्या लागवडीसाठी नेतो, कुणी बर्फाच्या लाद्या त्यात गुंडाळतो. परंतु जे झाड वाढावयास तीस-चाळीस वर्षे लागली त्याचा एवढा मोठा अंश अशा किरकोळ कामी लागावा, ही गोष्ट लाकडाचा व्यापार करणाऱ्यांना नेहमीच सलत आली आहे. दुसरीकडे शहरांच्या उकिरड्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे आणि वेष्टनांचे ढीग साचू लागले. या दोन टाकाऊ पदार्थांना एकत्र करून त्यांची फळी करता आली तर काय बहार होईल, हा विचार मनात येणे साहजिकच होते. तशी फळी आता सर्रास तयार होते. तिला काष्ठ-प्लॅस्टिक संमिश्र असे म्हणतात. बागेतील बाके, घराबाहेरचे सज्जे, पाण्यालगतचे पादपथ, मोटारींच्या दारांची आतील अस्तरे अशा अनेक ठिकाणी ती आढळते.

तिची स्तुती करताना दोन विशेषणे हमखास योजली जातात. ती पुनश्चक्रित मालाची आहे, हे एक. आणि ती पुनश्चक्रणक्षम आहे, हे दुसरे. कानाला दोन्ही शब्द सारखेच लागतात. परंतु पहिला शब्द फळीच्या भूतकाळाविषयी बोलतो, तर दुसरा तिच्या भविष्यकाळाविषयी. भूतकाळ खरा आहे म्हणून भविष्यकाळही खरा ठरेल, असे कोणत्याही व्याकरणात सांगितलेले नाही. ही फळी आतून कशी असते हे पाहिल्यावाचून त्या दुसऱ्या शब्दाची परीक्षा करता येणार नाही.

बेकेलाइटपासून शेबॉयगनपर्यंत

प्लॅस्टिकमध्ये लाकडाचे पीठ मिसळण्याची युक्ती मुळीच नवी नाही. बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलँड या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली अमेरिकेत फेनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून बेकेलाइट तयार केले. नुसते बेकेलाइट ठिसूळ असते. म्हणून त्यात लाकडाचे बारीक पीठ घालण्याचा प्रघात लवकरच पडला. जुन्या घरांत विजेची जी काळी वा तपकिरी बटणे असत, त्यांत बहुधा असे पीठ असे. परंतु बेकेलाइट हे उष्णदृढ वर्गातील प्लॅस्टिक आहे. उष्णतेने एकदा घट्ट झाले की ते पुन्हा वितळत नाही. भाजलेली वीट भिजवून तिचा पुन्हा चिखल करता येत नाही, तसेच हे. आजच्या मिश्र फळीत जी प्लॅस्टिके असतात ती उष्णमृदू वर्गातील होत. पॉलिएथिलीन, पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिव्हिनिल क्लोराइड ही त्यांतील प्रमुख. ती तापविली की मऊ होतात, निवली की घट्ट होतात, आणि पुन्हा तापविली की पुन्हा मऊ होतात. ही फळी पुन्हा वापरता येईल अशी जी आशा बाळगली जाते, ती सारी या एका गुणावर उभी आहे.

या दुसऱ्या वर्गातील मिश्रणाला उद्योगाचे रूप आले ते अमेरिकेत. विस्कॉन्सिन राज्यातील शेबॉयगन या गावी अमेरिकन वूडस्टॉक या कंपनीने १९८३ साली इटलीतून आलेले तंत्र वापरून मोटारींच्या अंतर्भागासाठी तक्ते काढण्यास आरंभ केला. त्यांत पॉलिप्रोपिलीन आणि लाकडाचे पीठ जवळजवळ निम्मे-निम्मे असे. पुढे १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टेक्सासमधील जंक्शन आणि व्हर्जिनियातील विंचेस्टर येथे पॉलिएथिलीन आणि लाकूड यांच्या जाड फळ्या निघू लागल्या. अमेरिकेतील घरांना बाहेरच्या अंगाला लाकडी सज्जे असतात. या फळ्यांची खरी बाजारपेठ तीच ठरली. त्या सज्ज्यांच्या लाकडाला वाळवी व बुरशी लागू नये म्हणून आर्सेनिकयुक्त द्रव्य पाजण्याची तेथे रीत होती. २००३ अखेर घरगुती कामांसाठी ती रीत तेथील उत्पादकांनी सोडून दिली आणि मिश्र फळीचा मार्ग आणखी मोकळा झाला.

दोनशे अंशांची मर्यादा

ही फळी करण्याची कृती ऐकावयास सोपी आहे. लाकडाचे पीठ वाळवावयाचे, प्लॅस्टिकचे दाणे वितळवावयाचे, दोन्ही एकजीव करावयाचे आणि तो तप्त गोळा साच्याच्या तोंडातून दाबून बाहेर काढावयाचा. चकलीचा सोऱ्या ज्याने पाहिला आहे त्याला यंत्राची कल्पना देण्यास वेगळ्या चित्राची गरज नाही. फरक इतकाच, की येथे दट्ट्याऐवजी तापविलेल्या नळकांड्यात फिरणारा मळसूत्री दांडा असतो. तोच गोळा मळतो आणि तोच पुढे ढकलतो.

अडचण आहे ती लाकडाची. साधारण २०० अंश सेल्सियसच्या पुढे लाकूड करपू लागते. त्याचा रंग काळवंडतो, त्यातून वाफा व आम्लधर्मी वायू निघतात आणि फळीत फुगे धरतात. म्हणून ज्या प्लॅस्टिकचे काम या मर्यादेच्या आसपास उरकते तेच घ्यावे लागते. फळ्यांसाठी वापरले जाणारे घट्ट पॉलिएथिलीन सुमारे १३० अंशांना वितळते, पॉलिप्रोपिलीन सुमारे १६५ अंशांना. पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक मात्र २५० अंशांच्या वर वितळते. तोवर लाकूड जळून गेलेले असते. तेव्हा कोणतेही प्लॅस्टिक आणा आणि भुशात मिसळा, हा समज पहिल्याच पायरीवर अडखळतो. बाटल्यांचा ढीग या वाटेने कमी व्हावयाचा नाही. पिशव्या आणि गुंडाळण्याचे पातळ कागद यांचा होऊ शकतो.

दुसरा शत्रू पाणी. कोरडे भासणाऱ्या लाकडाच्या पिठातही वजनाच्या पाच ते आठ टक्के ओल असते. यंत्रात तिची वाफ होते आणि फळी पावासारखी सच्छिद्र निघते. ही ओल आधी घालवावी लागते आणि त्यासाठी उष्णता, म्हणजे पैसा, खर्ची पडतो.

तेल आणि पाणी यांची सोयरीक

तथापि खरी कठीण गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. लाकडातील सेल्युलोजच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल नावाचे असंख्य गट असतात आणि त्यांना पाण्याची ओढ असते. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन यांचे रेणू केवळ कार्बन व हायड्रोजन यांचे. त्यांचे नाते तेलाशी आणि मेणाशी. दोघांना एका साच्यात कोंबले तरी ते एकमेकांना धरीत नाहीत. लाकडाचा प्रत्येक कण प्लॅस्टिकमध्ये बसतो खरा, पण वाळूत रुतलेल्या खड्यासारखा. ओढ बसली की निसटतो.

यावर उपाय म्हणून शे-दोनशे भागांत तीन-चार भाग असे अल्प प्रमाणात एक जोडद्रव्य मिसळतात. मॅलेइक अॅनहायड्राइड चिकटविलेले पॉलिप्रोपिलीन हे त्यांतील सुपरिचित. त्याच्या रेणूचे एक टोक लाकडाच्या हायड्रॉक्सिल गटांशी रासायनिक बंध जोडते आणि लांब शेपटी भोवतालच्या पॉलिप्रोपिलीनमध्ये गुंतून बसते. दोन भाषा जाणणारा दुभाषा दोन परक्या माणसांचा व्यवहार जुळवून देतो, तसेच हे काम होय.

या दुभाष्याची किंमत किती, हे आकड्यांवरून कळते. परंतु त्याआधी तीन शब्दांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. ओझे ठेवले असता वस्तू किती कमी वाकते, तो तिचा ताठपणा. किती ओढीला ती तुटते, ती तिची बळकटी. आणि अचानक घाव बसला असता तो ती किती सोसते, तो तिचा चिवटपणा. काच ताठ असते पण चिवट नसते. रबर चिवट असते पण ताठ नसते. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेने या तिन्ही गुणांची मोजणी केली आहे. नुसत्या पॉलिप्रोपिलीनमध्ये ४० टक्के लाकडाचे पीठ घातले असता त्याचा वाकण्यातील ताठपणा सुमारे अडीचपट झाला. परंतु बळकटी २८.५ मेगापास्कलवरून २५.४ वर घसरली. जोडद्रव्य घातल्यावर ती ३२.३ पर्यंत चढली. आणि पिठाऐवजी लांब लाकूडतंतू व जोडद्रव्य अशी जोडी घेतली तेव्हा ती ५२ च्या वर गेली. म्हणजे लाकडाचे पीठ हे बहुतांशी भर असते, लाकडाचा तंतू हा आधार असतो, आणि आधाराला दुभाषा मिळाला तरच तो आपले काम करतो. मग कारखाने तंतूच का वापरीत नाहीत? तंतू कापसासारखे फुगीर असतात. ते यंत्राच्या तोंडात नीट उतरत नाहीत आणि महागही पडतात. पीठ वाहते.

चिवटपणाच्या बाबतीत मात्र लाकडाने प्लॅस्टिकचे नुकसानच केले. खाच न पाडलेल्या नमुन्यावर आघात केला असता शुद्ध पॉलिप्रोपिलीन जेवढी ऊर्जा सोसते, तिच्या सुमारे नवव्या हिश्शात मिश्रणाचा तुकडा पडला. प्रत्येक कणाच्या कडेला तडा सुरू होण्यास जागा मिळते, हे त्याचे कारण.

अस्सल लाकडाशी तुलना

ही फळी लाकडासारखी दिसते, करवतीने कापली जाते, स्क्रूही धरते. म्हणून तिला लाकडाच्या जागी जशीच्या तशी बसविण्याचा मोह होतो. तो टाळावा. सागवानाचा ताठपणा दहा गिगापास्कलच्या आसपास असतो; मिश्र फळीचा तीन-चारच्या घरात. तेवढ्याच मापाची फळी तेवढ्याच ओझ्याखाली सुमारे तिप्पट वाकणार, हे उघड आहे. शिवाय प्लॅस्टिकच्या स्वभावानुसार ती ओझ्याखाली वर्षानुवर्षे सावकाश वाकतच राहते. पुस्तकांच्या कपाटाचा लांब खण या फळीचा केला तर ग्रंथपालाला काही वर्षांनी ते पाहावयास मिळेल. त्यामुळे तिच्याखालचे वासे जवळजवळ घालावे लागतात आणि इमारतीचा भार पेलणाऱ्या तुळईसाठी ती वापरीत नाहीत.

उन्हाचेही तसेच. लाकूड उष्णतेने आपल्या लांबीत फारच थोडे वाढते. ते फुगते ते ओलीने, आणि तेही रुंदीत. मिश्र फळी उष्णतेने लांबीत वाढते. लाकडाच्या दहापट वाढ धरली आणि पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत पृष्ठभागाच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर चार मीटर लांबीची फळी सहा-सात मिलिमीटरने लांबते. दोन फळ्यांमध्ये फट न सोडणाऱ्या सुताराला उन्हाळ्यात त्याचा प्रत्यय येतो.

ती कुजत नाही, हा दावाही तपासून घ्यावा लागतो. प्लॅस्टिकच्या आवरणामुळे पाणी सावकाश आत जाते, परंतु जाते. लाकडाचे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेले की कण एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि ओलीला आतवर साखळी मिळते. फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाच्या पादपथावरील अशा फळ्यांवर बुरशी उगवलेली आढळल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेकांचा भ्रम दूर झाला. तेव्हापासून झिंक बोरेटसारखी बुरशीनाशके मिश्रणात घालण्याकडे अधिक लक्ष गेले. सूर्याचे जंबुपार किरण लिग्निनचे विघटन करतात व फळी फिकी पडते. त्यासाठी रंग आणि स्थिरक द्रव्ये आली. अलीकडे अनेक फळ्यांना वरून शुद्ध प्लॅस्टिकचे पातळ कवचच चढवितात. असा एकेक दोष दूर होत गेला, परंतु प्रत्येक वेळी मिश्रणात एका नव्या पदार्थाची भर पडली.

फळी जुनी झाल्यावर

आता त्या दुसऱ्या विशेषणाकडे वळावे. कारखान्यातील कापतुकडे आणि बिघडलेल्या फळ्या दळून पुन्हा यंत्रात घालता येतात, व तसे घालतातही. तो माल स्वच्छ असतो, आणि त्यात काय आहे हे मालकाला ठाऊक असते. न्यूझीलंडमधील वायकॅटो विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. पॉलिप्रोपिलीन, रेडिएटा पाइनचे तंतू आणि जोडद्रव्य यांचे मिश्रण त्यांनी आठ वेळा दळले व आठ वेळा घडविले. ४० टक्के तंतू असलेल्या मिश्रणाची बळकटी अखेर २५ टक्क्यांनी आणि ताठपणा १६ टक्क्यांनी घटला. ५० टक्के तंतूंच्या मिश्रणात तर पहिल्या दोन फेऱ्यांत बळकटी १४ टक्क्यांनी वाढली. गुठळ्या मोडून तंतू नीट पसरले, हे त्याचे कारण असावे. त्यानंतर ती उतरली, तरी आठव्या फेरीअखेर मूळच्यापेक्षा ११ टक्केच कमी होती. तंतूंची सरासरी लांबी मात्र २.३६ मिलिमीटर होती ती ०.३७ वर आली. फिरणाऱ्या दांड्याने आधाराचे पीठ करून टाकले. प्लॅस्टिकच्या रेणुसाखळ्याही प्रत्येक तापवणीत थोड्या तुटतात. तरीसुद्धा आठ जन्मांनंतर एवढे सत्त्व शिल्लक राहावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. साध्या फळीसाठी ते पुरेसे आहे.

प्रयोगशाळेने दिलेला हा कौल अनुकूल आहे. प्रतिकूल आहे तो फळीला प्रयोगशाळेपर्यंत आणणारा रस्ता. वीस वर्षे उन्हापावसात काढलेल्या फळीत स्क्रू असतात, माती असते, शेवाळ असते. तिच्या आत पॉलिएथिलीन आहे की पॉलिव्हिनिल क्लोराइड, हे वरून पाहून सांगता येत नाही, आणि ही दोन एकत्र वितळविली तर दोन्ही बिघडतात. जुन्या प्लॅस्टिकची निवड करताना एक सोपी युक्ती वापरतात : तुकडे पाण्यात टाकावयाचे. पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलकी असल्याने तरंगतात, जड प्लॅस्टिके बुडतात. लाकूड तर तरंगणारच, असे कुणीही म्हणेल. परंतु लाकूड तरंगते ते त्याच्या पेशींतील पोकळ्यांमुळे. पेशींच्या भिंती पाण्याच्या दीडपट जड असतात. यंत्राच्या दाबाखाली त्या पोकळ्या चेपल्या जातात किंवा प्लॅस्टिकने भरतात. म्हणून तरंगणाऱ्या भुशाची आणि तरंगणाऱ्या पिशवीची मिळून झालेली भरीव फळी पाण्यात बुडते. तिची घनता १.१ च्या आसपास भरते, आणि निवडीच्या हौदात ती आपल्या गोत्रातील प्लॅस्टिक सोडून तळाशी परक्यांत जाऊन बसते.

लाकूड आणि प्लॅस्टिक पुन्हा वेगळे करता येत नाहीत काय? येतात. उकळत्या झायलीनमध्ये पॉलिप्रोपिलीन विरघळते व तंतू खाली उरतात. प्रयोगशाळेत तंतूंची लांबी मोजण्यासाठी असेच करतात. पण एका फळीसाठी एवढे द्रावण आणि एवढी उष्णता कोण खर्च करील? दुभाष्याने जुळविलेली सोयरीक जितकी घट्ट, तितकी फळी उत्तम आणि तितकाच तिचा काडीमोड महाग. भुसा म्हणून तिला खतात जागा नाही, लगदा म्हणून कागदाच्या गिरणीत नाही, आणि प्लॅस्टिक म्हणून पिशव्यांच्या भट्टीत तर ती अपायकारकच. तिच्यातील लाकूड तेथे करपते आणि वितळलेला रस गाळण्याच्या जाळ्या तुंबवते. तिला वारस एकच : तिच्यासारखीच दुसरी फळी.

भारतात हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपाने उभा आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या इमारतींत लाकूड वापरणे बंद केले. ती बंदी २०२० साली उठली. लाकडाला पर्याय शोधण्याचे काम अर्थातच दीर्घ काळ चालले. बंगळूरच्या काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने बांबूच्या तंतूंची संमिश्रे तयार करून पाहिली आहेत. भाताचा तूसही लाकडाच्या पिठाची जागा घेऊ शकतो. परंतु दाराच्या चौकटी आणि ओट्याखालची कपाटे यांसाठी आपल्या बाजारात या नावाने जे तक्ते विकले जातात, ते बहुतांशी पॉलिव्हिनिल क्लोराइडचे फेसाळ तक्ते असतात आणि त्यांत लाकडाचा अंश अल्पच असतो. वाळवी त्यांना खात नाही आणि पावसाळ्यात दार अडकत नाही, हे गुण खरेच आहेत. नावात मात्र लाकूड पहिले आणि मालात शेवटचे, हे गिऱ्हाइकाने जाणून असावे.

आपल्याकडे पुनश्चक्रणाचा खरा कारभार भंगारवाल्याच्या तराजूवर चालतो. तो प्लॅस्टिक हाताने चाचपून, वाकवून, प्रसंगी जाळून त्याच्या वासावरून ओळखतो आणि जातवार ढीग लावतो. ज्या ढिगाला पुढे गिऱ्हाईक आहे तोच तो बांधतो. मिश्र फळीचा ढीग लावावयाचा तर तो घेणारा कारखाना हवा. आणि कारखान्याला ढीग हवा तर फळीवर आतील प्लॅस्टिकचे नाव छापलेले हवे. तोवर तिची अखेरची जागा बहुधा भट्टीच. तेथे ती चांगली जळते. कोरडे लाकूड किलोमागे १८ ते २० मेगाज्यूल उष्णता देते, पॉलिएथिलीन सुमारे ४५. निम्म्या-निम्म्या मिश्रणाची फळी तिशीच्या पुढे जाते. पॉलिव्हिनिल क्लोराइडच्या तक्त्याला ही वाटही सरळ नाही. त्या प्लॅस्टिकच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो. जाळल्यावर त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते आणि ते धुऊन काढणारी खास धुराडी लागतात.

जपानने २००६ साली या फळ्यांसाठी एक राष्ट्रीय मानक ठरविले आणि जुन्या मालाचे प्रमाण किती टक्के, त्यानुसार त्यांचे वर्ग पाडले. फळीच्या भूतकाळाची नोंद त्यामुळे तेथे होऊ लागली. तिच्या पोटात कोणते प्लॅस्टिक आहे, त्यात काय काय मिसळले आहे आणि जुनी झाल्यावर ती कोणाकडे परत द्यावयाची, ही माहिती छापण्यास फळीच्या खालच्या अंगाला जागा भरपूर आहे.